भास्कराचार्यांची ज्या आणि टाकलेला शेष

भागाकार संपत नसला म्हणजे कोठें तरी थांबावें लागतें आणि उरलेला अंश सोडून द्यावा लागतो. एकदां सोडलेला अंश क्षुल्लक असतो. पण तेंच उत्तर पुढच्या गणितांत आणि त्याचें उत्तर त्याच्याही पुढच्या गणितांत घ्यावयाचें असेल, तर चूक कोठवर वाढेल? हा प्रश्न आजच्या संगणकापुढें आहे, तसाच तो बाराव्या शतकांतील ज्योतिष्यापुढेंही होता.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीजवळील विज्जडविड हें आपलें गांव, असें त्यांनीं सांगितलें आहे. तें म्हणजे आजचें बीड, असें कांहीं अभ्यासक मानतात; दुसरे चाळीसगांवाजवळच्या पाटणाकडे बोट दाखवितात. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिल्याचा शिलालेख पाटण येथें आहे.

ज्या म्हणजे आजच्या त्रिकोणमितींतील साइन. ग्रहांचीं स्थानें, ग्रहणाच्या वेळा, सर्वत्र तिचें काम पडतें. त्रिज्या ३४३८ कला धरून पावणेचार अंशांच्या अंतरानें चोवीस ज्या पूर्ण कलांत देण्याची जुनी प्रथा होती. इ. स. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या कर्त्यानें ज्योत्पत्तीच्या विवेचनांत एकेका अंशाच्या नव्वद ज्या काढण्याची रीत दिली. हातांतील ज्येमधून तिचाच ६५६९ वा भाग वजा करावा; कोटिज्येला दहांनीं गुणून ५७३ नें भागावें आणि तें त्यांत मिळवावें; पुढच्या अंशाची ज्या येते. पहिली ज्या बरोबर ६० कला निघते, कारण ३४३८ ही संख्या ५७३ ची सहापट आहे.

आतां शेषाकडे पाहावें. संबंध त्रिज्येचा ६५६९ वा भाग घेतला तरी तो अर्ध्या कलेहून किंचितच अधिक भरतो. अर्ध्याहून कमी तें सोडावें, या नियमानें तो भाग पूर्ण कलांत लिहिला, तर सुमारें ७२ अंशांपर्यंत तो शून्यच होतो. कोटिज्याही याच रीतीनें चालविली आणि हा संस्कार दोहींकडे अजिबात टाकला, तर नव्वदावी ज्या ३४३८ ऐवजीं सुमारें ३४८५ येते. अपूर्णांक राखले, तर तोच फरक एका कलेच्या सुमारें पन्नासाव्या भागाइतका उरतो. दोष सूत्राचा नव्हे, टाकलेल्या शेषाचा.

आज ध्वनि आकड्यांत साठवितात. इ. स. १९८२ मध्यें बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीच्या प्रत्येक वाहिनीसाठीं सेकंदाला ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा सोळा बिटांचा असतो. संगणकाकडून शुद्ध स्वर निर्माण करून घेण्याची एक रीत म्हणजे ज्येवरून पुढची ज्या काढीत जाणें. येथें पायऱ्या नव्वद नसून लाखों असतात. शेष बेफिकिरीनें टाकला, तर स्वर हळूहळू फुगतो किंवा विरून जातो. यासाठीं एकाहून किंचित कमी अशा संख्येनें गुणण्याऐवजीं लहानसा भाग वेगळा काढून तो वजा करण्याची मांडणी जाणते लोक पसंत करितात. लहान संख्या वेगळी ठेविली म्हणजे तिचे अधिक अंक राखतां येतात. आचार्यांच्या सूत्राची मांडणी नेमकी हीच आहे.

यावरून त्यांना संगणकाची चाहूल होती, असें म्हणणें हास्यास्पद होईल. त्यांना हातानें करतां येईल अशी सुटसुटीत रीत हवी होती. परंतु लहान संस्कार मोठ्या संख्येंत बुडूं द्यावयाचा नाहीं, ही गरज दोन्ही काळीं एकच राहिली.