दख्खनी कोण, परदेशी कोण?

आजचा धागा लांब आहे. विषय मलिक अंबर, जंजिरा आणि नाशिकचे शरणपूर असा दूरवर पसरलेला असला, तरी तो सुचला हडपसरच्या गाडीतळावर, एका फोनमुळे.

आमच्या अभ्यासवर्गात इथिओपियाची एक विद्यार्थिनी आहे. वसतिगृह सोडून हडपसरला राहायला यावे, असा तिचा विचार होता. मी लहानपणापासून इथलाच, म्हणून तिने मला विचारले : तुमच्या भागात माझ्यासारखी दिसणारी माणसे राहतात का? लोक त्यांच्याकडे कसे पाहतात? मी फारसा विचार न करता "काही अडचण येणार नाही" असे सांगून टाकले आणि ओळखीच्या एका एजंटाला फोन लावला. एक वन बीएचके रिकामा होता, भाडेही तिला परवडणारे होते. संध्याकाळी एजंटाचा उलट फोन आला : "मालक नको म्हणतायत. हबशी लोक नकोत त्यांना."

नकार अनपेक्षित नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुण्यात आफ्रिकी विद्यार्थी गेली कित्येक दशके शिकायला येत आहेत आणि खोली शोधताना त्यांना काय ऐकावे लागते, हे आपल्याला ठाऊक असते. मला अडकवून ठेवले ते त्या शब्दाने. 'हबश' हे अरबीत ॲबिसिनियाचे, म्हणजे आजच्या इथिओपिया-इरिट्रियाच्या प्रदेशाचे नाव. हबशी म्हणजे त्या देशाचा माणूस. माझ्या मैत्रिणीच्या देशात 'हबेशा' हा शब्द लोक आजही स्वतःसाठी अभिमानाने वापरतात. घरमालकाने शिवी म्हणून जो शब्द योजला, तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने अगदी अचूक होता!

आणि हा शब्द आपल्या मुलखाला मुळीच नवा नाही.

बहमनी राज्यापासून सुरुवात करू. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या या राज्यात पुढे दरबारी माणसांचे दोन तट पडले. एक दख्खनी आणि दुसरा आफाकी, म्हणजे इराण व मध्य आशियातून आलेल्या सरदारांचा, मुत्सद्द्यांचा, व्यापाऱ्यांचा. या दुसऱ्या गटाला 'गरीब' असेही म्हणत. (अरबीत गरीब म्हणजे परका, निर्धन हा अर्थ नंतरचा.) दोन्ही गटांतील वैर इतके विकोपाला गेले, की बनावट पत्राच्या आधारे वजीर महमूद गावान याला १४८१ मध्ये देहान्त शासन झाले. गावान आफाकी होता.

आता प्रश्न असा, की आफ्रिकेतून आलेले हबशी या दोन तटांपैकी कुठे होते? आजच्या नजरेने पाहणारा म्हणेल, परदेशीयांत. दिसण्यावरून तर सर्वांत वेगळे तेच. प्रत्यक्षात हबशी बहुतेक वेळा दख्खनी तटात उभे असत. गोरा, फारसी बोलणारा, दरबारी रीतिरिवाजात मुरलेला इराणी परका मानला गेला आणि समुद्रापलीकडून आलेला काळा हबशी इथला.

हे वाचून दख्खनच्या उदारपणाचे गोडवे गाण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. पण कारण पाहिले की तो मोह ओसरतो. आफाकी माणूस स्वतंत्र येई. त्याचे कुळ, नातलग, व्यापारी संबंध मागे शाबूत असत. त्याला परतीची वाट असे. हबशी येई तो गुलाम म्हणून, बहुधा बालवयात विकला गेलेला. आईबाप, भाषा, धर्म, नाव, सगळे तुटलेले. ज्याला परत जायला जागाच उरली नाही, त्याच्याइतका पूर्णपणे 'इथला' दुसरा कोण होणार? दख्खनवर लिहिणारे इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी या तुटलेपणावर नेमके बोट ठेवले आहे. म्हणजे हबशाला दख्खनी होता आले, परंतु त्याची किंमत त्याने आधीच, दुसऱ्या किनाऱ्यावर, मोजलेली होती.

मलिक अंबराचे चरित्र या दृष्टीने वाचून पाहावे. जन्म १५४८ च्या सुमारास, इथिओपियात. मूळ नाव चापू. गुलामांच्या बाजारातून तो बगदादला पोहोचला आणि तिथे 'अंबर' झाला. गुलामांना सुगंधी द्रव्यांची आणि रत्नांची नावे देण्याची पद्धतच होती : अंबर, काफूर, याकूत. पुढे दख्खनमध्ये त्याला विकत घेतले ते निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने. आणि हा चंगेजखान स्वतः पूर्वीचा हबशी गुलाम होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरकडे राहिला, मग निजामशाहीत परतला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य संपले असेच सर्वांना वाटले. त्या वेळी अंबराने निजामशाही घराण्यातील एका तरुणाला परांड्याला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे मोगलांना दक्षिणेत पाय रोवू दिला नाही. (गाडीतळावरून सोलापूरकडे जाणारी एसटी पकडावी आणि पुढे बार्शीची वाट धरावी, परांड्याचा किल्ला आजही पाहण्यासारखा आहे.) त्याच्या फौजेचा कणा मराठा घोडदळ होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. अंबराने १६१० मध्ये वसवलेल्या खडकी या शहरातील मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्यांची नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या भोसले मंडळींवरून पडली, असे सांगतात. हेच शहर पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. शेतसाऱ्याची त्याने बसवलेली पद्धत 'मलिकंबरी धारा' या नावाने मराठी कागदांत त्याच्या पश्चातही नांदली.

मग त्याचा रंग कुणी काढलाच नाही काय? काढला. जहांगीर बादशहाने. आपल्या आत्मचरित्रात तो अंबराचा उल्लेख सरळपणे क्वचितच करतो. काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा अशी विशेषणे जोडल्याशिवाय त्याला राहवत नाही. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात अबुल हसन या चित्रकाराचे १६१६ च्या सुमाराचे एक चित्र आहे. भाल्यावर अंबराचे तुटलेले शिर खोचलेले असून पृथ्वीगोलावर उभा राहिलेला जहांगीर त्यावर बाण सोडतो आहे. हे कधीच घडले नाही. अंबर १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, नैसर्गिक मरणाने गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. रणांगणावर जे साधले नाही, ते बादशहाने रंगाच्या कुंचल्यातून करवून घेतले. गंमत अशी, की अंबर मेल्यावर जहांगीरच्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखान त्याच्या कर्तृत्वाची मोकळेपणाने स्तुती करतो.

मला यातून जे दिसते ते असे. दख्खनमध्ये रंगामुळे वाट बंद होत नव्हती. पण भांडण झाले की पहिला हात रंगालाच घातला जाई. एरवी विचारले जाई ते एवढेच, की हा कोणाचा माणूस? त्याची ओळख कोणाशी? 'ओळख' हा मराठी शब्दच पाहा ना. आपण स्वतः कोण आहोत तीही ओळख आणि दुसऱ्याशी असलेला परिचय तीही ओळख. दोन्हींना आपण एकच शब्द ठेवला आहे.

शिवकाळातील पन्हाळ्याचा वेढा आपण लहानपणापासून ऐकतो. १६६० मध्ये वेढा घालणारा सिद्दी जौहर हबशी, हे सर्वांना पाठ असते. तो वेढा बाहेरून फोडण्यासाठी महाराजांच्या बाजूने नेताजी पालकरांसोबत सिद्दी हिलाल चालून गेला होता आणि त्याचा मुलगा वाहवाह त्या झुंजीत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, हे मात्र शाळेत मला कुणी शिकवले नाही. दोन्ही बाजूंना सिद्दी. त्या काळच्या माणसाला यात काही नवल वाटले नसावे.

जंजिऱ्याच्या सिद्दीची गोष्ट निराळी. तो स्वराज्याचा हाडवैरी. पण सभासदाच्या बखरीत त्याला कशाची उपमा दिली आहे? घरातल्या उंदराची. उपमा अपमानकारक खरीच, तरी तिच्यात शत्रू परक्या देशातला नसून घरातला आहे. त्याच्या मुलखाला मराठी कागदांत 'हबसाण' म्हणत. कोकणातल्या एका प्रदेशाचे ते सरळ नाव होते. हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर 'हबसाण' नकाशावरून गेले आणि 'हबशी' तेवढा तोंडात राहिला. शिवी म्हणून.

आता नाशिक. हा भाग मला स्वतःला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडी. सोडवलेल्या मुलांपैकी अनेकांना मुंबईला आणले जाई आणि त्यांतील काहींना नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवले जाई. तिथे ती लिहा-वाचायला, सुतारकी, लोहारकी शिकत मोठी झाली. 'नाशिक बॉइज' या नावाने ती आफ्रिकेच्या इतिहासात ओळखली जातात. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मोहिमेत यांतील काही तरुण सामील झाले. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचा देह आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तिथेही तो उपस्थित होता.

त्याच सुमारास मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी 'फ्रीअर टाउन' ही वसाहत उभी राहिली. पूर्वी नाशिकचा आश्रम चालवणारे प्राइस हेच तिचे प्रमुख. त्यांनी शरणपूरच्या आफ्रिकी कुटुंबांना तिकडे नेले. कल्पना अशी, की ही मंडळी 'आपल्या' देशात परत चालली आहेत. तिथे त्यांना काय नाव पडले? 'बॉम्बे आफ्रिकन्स'. नाशिकला ती दिसण्यामुळे आफ्रिकी होती. आफ्रिकेत बोलण्या-चालण्यामुळे मुंबईची झाली. गोदाकाठी वाढलेल्या त्या माणसांना त्या किनाऱ्यावर उतरताना काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

हे जुने झाले, असे म्हणता येत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोला या तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात सिद्दी राहतात. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातील गुलामीतून पळून आलेले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात ते कोकणी बोलतात आणि तिच्यात मराठी व कानडी मिसळलेली असते. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये त्यांच्यातील शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. तरी शहरात पाऊल टाकले, की यांना 'कुठल्या देशाचे?' हा प्रश्न चुकत नाही. सरकारनेही १९८७ मध्ये त्यांची आठवण काढली ती धावण्याकरिता : आफ्रिकी वंशाची शरीरे म्हणजे पदके मिळणारच, या हिशेबाने क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुले निवडली आणि काही वर्षांत योजना गुंडाळून त्यांना घरी पाठवले.

हडपसरबद्दल दोन शब्द. इथे आज मूळचा म्हणावा असा माणूस शोधावा लागतो. मगरपट्टा उभा राहिला तेव्हापासून लातूर, बीड, सोलापूर, बिहार, ओडिशा असे सगळीकडून लोक आले, 'गाव कुठलं?' हा इथला पहिला प्रश्न असतो आणि त्यात वाईट काही नाही. आमचे आजोबाही करमाळ्याहून आले. त्यांना पहिली खोली मिळाली ती गावच्या एका माणसाच्या शब्दावर. ओळखीवर.

तोच उपाय मी मैत्रिणीला सुचवला. आई म्हणाली, "मी येते बरोबर, मी बोलते मालकांशी." मांजरी रस्त्यावर दुसरी एक जागा आहे, माझ्या मते आई सोबत असली तर काम होईल. मैत्रिणीला मी वरचा सगळा इतिहासही सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, अंबराला धनी लागला होता, कारण त्याचे सगळे हिरावले गेले होते. माझे आईवडील अदिस अबाबात आहेत, माझ्याजवळ पासपोर्ट आहे, शिष्यवृत्ती आहे, मी भाडे भरणार आहे. मला कोणाची माणूस का व्हावे लागते?

मला उत्तर देता आले नाही. रविवारी आम्ही तिघे ती जागा पाहायला जाणार आहोत. आईला येऊ द्यायचे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.