हृदयावरणदाह, औषधजन्य व विषजन्य

हृदयाभोवतीच्या दुपदरी आवरणाला औषधामुळे किंवा विषामुळे येणारी सूज. निरोगी माणसात या दोन पदरांमध्ये साधारण 15 ते 50 मिली द्रव असतो. तो झपाट्याने वाढला, तर हृदयाला पुरते फुलता येत नाही. छातीत टोचल्यासारखे दुखते. आडवे पडल्यावर दुखणे वाढते, पुढे वाकून बसले की उतरते.

एकूण रुग्णांत ही कारणे थोडीच. भारतात या दाहाचे मोठे कारण क्षयरोग, आणि बीडसारख्या जिल्ह्यात खरा पेच इथेच पडतो. क्षयावर 1952 पासून वापरात असलेले आयसोनियाझिड स्वतःच क्वचित हा दाह उत्पन्न करते. शरीर आपल्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते; ताप येतो, सांधे धरतात, फुप्फुसाच्या व हृदयाच्या आवरणात पाणी साचते. याच जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात असा रुग्ण आला, तर पाणी क्षयाचे की गोळीचे, हे आधी ठरवावे लागेल. हिस्टोनविरोधी प्रतिपिंडे सापडली तर संशय गोळीवर जातो, पण तेवढ्याने निकाल लागत नाही. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत लक्षणे ओसरली, तर तो पुरावा अधिक भरवशाचा. अर्थात थांबवायचे ते डॉक्टरांनी. रुग्णाने परस्पर गोळ्या सोडल्या तर क्षय बळावतो, आणि तो धोका कितीतरी मोठा.

रक्तदाबावरील हायड्रॅलाझिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे प्रोकेनामाइड व फिट्सवरील फेनिटॉइन यांचाही मार्ग असाच, प्रतिपिंडांचा. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फामाइड मात्र हृदयाला थेट इजा करतात.

विषांपैकी धान्य टिकवण्यासाठीच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घातक. ओल लागताच त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो हृदयाचा स्नायू निकामी करतो. काही रुग्णांत आवरणातही पाणी आढळले आहे. या विषावर उतारा नाही.

लाल विंचवाचा मारा काटेकोरपणे पाहता आवरणापेक्षा हृदयाच्या स्नायूवर अधिक. तरी मराठवाड्यातील नोंदीत तो वगळणे बरे नव्हे. बीडशेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड परिसरात या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याविषयी लिहिले. सोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतात, हे त्यांनी 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले.