शजऱ्याच्या पलीकडचं घराणं

डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा मंजूर झाला आणि मुस्लिम वस्त्यांमध्ये कागदांची शोधाशोध सुरू झाली. पेटीच्या तळाशी पडलेले शाळेचे दाखले, जुने सातबारे, आजोबांचं रेशनकार्ड बाहेर आलं. ठिकठिकाणी मार्गदर्शन शिबिरं झाली. पुढे करोना आला आणि कागद पुन्हा पेटीत गेले. त्या कागदांकडे आपण फक्त पुरावा म्हणून पाहिलं. त्यांत आपला इतिहासही आहे आणि तो वाचायला शिकवणारी नवशिक्यांची कार्यशाळा प्रत्येक जमातीने वर्षातून एकदा तरी घ्यायला हवी.

घराण्याचा विषय निघाला की आपल्याकडे आधी शजरा पुढे येतो. पूर्वज अरबस्तानातून आले, इराणातून आले, अमुक सुफींसोबत दख्खनमध्ये उतरले. काही घराण्यांबाबत ते खरंही आहे. पण महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान याच मातीतल्या शेतकरी आणि कारागीर जातींमधले आहेत. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदार होता. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मणियार ही नावं धंद्यांची. कोकणातले सारंग आणि तांडेल हे दर्यावर्दी. अश्रफ म्हणवून घेण्याच्या ओढीत अनेकांनी ही नावं टाकली आणि नुसतं ‘शेख’ लावलं. म्हणून कार्यशाळेतला पहिला धडा हाच हवा : शोध स्वतःपासून सुरू करायचा आणि एकेक पिढी मागे जायचं. नामांकित पूर्वज आधी ठरवून खाली उतरलं की हवी तीच वंशावळ तयार होते.

दुसरा धडा विचारण्याचा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसायचं. नानीला, फुफीला जन्मसाल विचारलं तर सांगता येणार नाही. पण पानशेतचा पूर (1961), कोयनेचा भूकंप (1967), बहात्तरचा दुष्काळ यांच्या आधी की नंतर, हे त्या नेमकं सांगतात. मराठवाड्यात ही खूण म्हणजे 1948 ची पोलीस ॲक्शन. तिथे आवाज अडखळला तर घाई करू नये. गाव का सोडलं, याचं उत्तर पुष्कळदा त्या शांततेतच असतं.

मग कागद. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, सातबारा आणि फेरफार, इनाम असल्यास त्याची कागदपत्रं, काझींचे निकाहाचे दफ्तर, कब्रस्तानातले लेख. काही जुने महसुली कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. जुन्या नोंदी अनेकदा मोडीत असतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. आपली दोन-चार मुलं तिथे शिकली तर सगळ्या मोहल्ल्याचं काम होईल.

निजामाच्या मुलखातले कागद उर्दूत आणि साल फसली. फसलीत 590 मिळवले की इसवी सन निघतो. फसली 1347 म्हणजे 1937-38. महिने आझूर, दै, बहमन असे इराणी नावांचे. नोंदीत ‘वलद’ किंवा ‘बिन’ दिसलं की पुढे बापाचं नाव, ‘कोम’ किंवा ‘जौजे’ दिसलं की नवऱ्याचं. गंमत म्हणजे हेच शब्द मराठा-कुणब्यांच्या कागदांतही भेटतात. एकाच गावचे कुलकर्णी एकाच बोरूने सगळ्यांची नावं लिहीत होते. आपण इथले कोण, हा प्रश्न विचारणाऱ्याला तो कागद दाखवावा.

यात रोजच्या जगण्याचाही प्रश्न आहे. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. छप्परबंदांसारख्या विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. आपल्या पूर्वजांच्या नोंदीत जातीच्या रकान्यात कित्येकदा नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. धर्म लिहिला गेला, जात राहून गेली. मग चुलत आजोबांच्या शाळेची नोंद, धंद्याचा उल्लेख, आडनावासह झालेला एखादा फेरफार कामाला येतो. हे ऐन प्रवेशाच्या वेळी सापडत नाही. त्यासाठी वंशावळ आधी तयार असावी लागते आणि भावकीशी बोलणं चालू असावं लागतं.

शेवटचा धडा आपल्याच घरातल्या अन्यायाचा. बहुतेक शजऱ्यांत बाप-बेटे असतात, मुली नसतात. त्यांची नावं शोधायची तर वारसाचे फेरफार उघडावेत. बाप वारला तेव्हा तलाठ्याने मुलींचीही नावं लिहिलेली असतात आणि पुष्कळदा लगेच पुढे हक्कसोड झालेली दिसते. घराण्याच्या कागदावर तिचं नाव येण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. जो मुलगा किंवा मुलगी आपल्या परदादीचं नाव अशा फेरफारातून शोधून तक्त्यात लिहील, त्याच्यापुरती ती कार्यशाळा सफल झाली असं समजावं.