करारावरचा विश्वास



माझे बहुतेक आयुष्य करारांच्या कागदांत गेले आहे. कॉटन ग्रीनच्या गोदामांतून गाठी उचलणाऱ्या माणसांची संघटना बांधायची, मालकाशी बोलणी करायची, ठरलेला दर कागदावर आणायचा आणि कागद पाळला गेला नाही की पुन्हा फाटकाशी जाऊन उभे राहायचे, हे माझे काम. १९८२ च्या गिरणी संपात वडिलांचे काम गेले, माझी शाळा सुटली; पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. तेव्हा धर्मशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. करारावर बोलण्याचा थोडा आहे.

आमच्या संघटनेत नगर जिल्ह्यातून आलेले एक वडीलधारे ख्रिस्ती सहकारी होते. त्यांना आम्ही मामा म्हणत असू. त्यांच्या पिशवीत हजेरीच्या वहीशेजारी बायबल असे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना चिडवण्यासाठीच विचारले, "मामा, हे पुस्तक देवाचे कशावरून?" त्यांनी उलट विचारले, "तू आपला करार खरा कशावरून धरतोस?" मी म्हणालो, "सही आहे, शिक्का आहे." मामा म्हणाले, "मग गेल्या दिवाळीला सही-शिक्का असून पैसे का मिळाले नाहीत?" मी गप्प झालो. त्या मालकाने सही केली होती, फक्त शब्द पाळला नव्हता.

ख्रिस्ती लोक आपल्या धर्मग्रंथाच्या दोन भागांना जुना करार आणि नवा करार म्हणतात. हा शब्द उगाच आलेला नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये झालेला करार, अशी त्यांची मूळ कल्पना आहे. म्हणून मामांचा प्रश्न मला पुढे वर्षानुवर्षे पुरला. महाराष्ट्रातल्या शिकल्यासवरलेल्या, वाद घालणाऱ्या, आपल्या परंपरेत मुरलेल्या माणसांनी हा करार खरा मानला तो कशाच्या आधारावर? आज तीन मराठी माणसांच्या आधाराने या प्रश्नाकडे पाहू.

प्रथम आमच्या वस्तीचीच एक आठवण. ज्या हिरवळीवरून 'कॉटन ग्रीन' हे नाव आले, ती मूळची कोटात, १७१८ मध्ये उघडलेल्या सेंट थॉमस चर्चसमोर होती. तिथे कापसाच्या गाठी रचल्या जात. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला गेला आणि पुढे विसाव्या शतकात शिवडीकडे आला. गाठी चर्चसमोर पडत होत्या त्याच काळात, १८१३ साली, अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि मराठी शिकू लागले. १८२६ पर्यंत त्यांचा मराठी नवा करार छापून झाला. त्याआधी श्रीरामपूरला विल्यम कॅरीने मराठी शुभवर्तमान छापले होते. आणि त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण गोमंतकात मराठी ओवीत अवतरले होते. म्हणजे हा ग्रंथ आपल्या भाषेत नवखा नाही.

तो आला तेव्हा मुंबईने त्याच्याशी वाद घातला. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद करीत आणि ऐकायला गर्दी लोटे. वादाचा गाभा हाच होता: ईश्वराचा ग्रंथ कोणता आणि तो ओळखायचा कसा? आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. मीमांसक म्हणतात, वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचा दोष त्यांना लागत नाही. नैयायिक म्हणतात, वेदाला कर्ता आहे, तो ईश्वर. आणि तो आप्त, म्हणजे विश्वासार्ह, म्हणून त्याचे वचन प्रमाण. दाखला ते आयुर्वेदाचा देतात. औषधाचा गुण अनुभवाला येतो, म्हणून ते सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

ख्रिस्ती भूमिका मीमांसकांपेक्षा नैयायिकांच्या जवळ आहे, पण तिच्यात एक वेगळेपण आहे. बायबल माणसांनी लिहिले हे ख्रिस्ती माणूस लपवीत नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्राला देवाच्या श्वासातून आलेले अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. पण लिहिणारे हात माणसांचेच होते. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी सांगतो की, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा नीट शोध करून मी हे लिहीत आहे. आकाशवाणी झाली असे तो म्हणत नाही. चार शुभवर्तमाने चार माणसांची आहेत आणि तपशिलात ती कुठे कुठे वेगळी पडतात. कामगार न्यायालयात आमचे चार साक्षीदार शब्दाला शब्द सारखे बोलले, तर पढवून आणले आहे असे कोणीही म्हणेल. यावरून ग्रंथ देवाचा ठरत नाही. साक्ष मात्र पढवलेली नाही, एवढे म्हणता येते. १९६५ मध्ये रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही हेच धोरण शब्दांत मांडले: लेखक खरोखर माणसे होती, आणि त्यांच्याद्वारे देवाने आपल्याला हवे ते कळवले.

आता पहिली साक्ष, बाबा पदमनजींची. त्यांचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. तरुणपणी ते परमहंस सभेत होते. जातिभेद मोडावा, बुद्धीला पटेल तोच धर्म मानावा, असे म्हणणारे हे मंडळ होते. विचार पुढारलेले, पण व्यवहार गुप्त! १८५४ मध्ये पदमनजींनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि त्याची किंमत आप्तेष्टांच्या दुराव्याने मोजली. पुढे १८६० च्या सुमारास परमहंस सभेच्या सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. पदमनजींच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात एका रात्रीत घडलेला चमत्कार नाही. वाचन आहे, शंका आहेत, वाद आहेत, घरच्या माणसांचे अश्रू आहेत. ते ग्रंथापर्यंत पोचले ते घासून, तपासून. पुढे याच गृहस्थांनी नव्या करारावर मराठी टीका लिहिली आणि १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे दुःख मराठी गद्यात आणले. त्यांच्या उदाहरणावरून मला दिसते ते असे: ग्रंथावरचा विश्वास हा त्यांच्या बाबतीत विचाराचा शेवट नव्हता. ज्या सत्यासाठी घर सोडावे लागते, ते माणूस साध्या माणसापेक्षा अधिक तपासून घेतो.

दुसरी साक्ष रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवरून बोलणे निघाले, धर्मावर आले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी त्यांना नवा करार दिला. वाचीन असा शब्द टिळकांनी दिला होता, म्हणून त्यांनी वाचायला घेतले; गोडी अशी नव्हती. पण मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतले डोंगरावरचे प्रवचन आले आणि पुस्तक खाली ठेववेना. शत्रूवर प्रेम करा, दीनांचे राज्य येणार, असे सांगणारा तो आवाज त्यांना ओळखीचा वाटला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्या निर्णयाने लक्ष्मीबाईंच्या संसारावर काय कोसळले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या स्वतः पाच वर्षांनी, १९०० मध्ये, आपल्या पावलांनी त्या वाटेवर आल्या. टिळकांना ग्रंथ पटला तो पुराव्याच्या बेरजेने नव्हे. त्यात बोलणाऱ्याचा आवाज त्यांना खरा वाटला. प्रोटेस्टंट आचार्य कॅल्व्हिन याला पवित्र आत्म्याची आतली साक्ष म्हणतो. आपल्या भाषेत, खूण पटली.

इथे सरळ आक्षेप येतो, आणि मी स्वतः सत्यशोधकी वळणाचा असल्याने तो मला टाळता येत नाही. खूण कोणालाही पटते. प्रत्येक धर्माच्या माणसाला आपल्याच ग्रंथाची पटते. शिवाय ग्रंथ स्वतःच म्हणतो मी देवाचा, आणि आपण त्यावरून तो देवाचा मानतो, हे तर वर्तुळ झाले. महात्मा फुल्यांच्या परंपरेने कोणताच ग्रंथ ईश्वराने रचलेला मानला नाही, ते याच कारणाने. आणि याच बायबलचा आधार घेऊन अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी गुलामगिरीचे समर्थन केले, हेही खरे. ग्रंथ देवाचा म्हटला की त्याचा अर्थ लावणारा देवाच्या जागी बसतो, ही भीती खोटी नाही.

या भीतीला उत्तर म्हणून मी तिसरी साक्ष पुढे ठेवतो, पंडिता रमाबाईंची. संस्कृत ग्रंथ त्यांना मुखोद्गत होते. कलकत्त्याने १८७८ मध्ये त्यांना पंडिता म्हटले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या आपल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे खटके उडू लागले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी बाहेर पडले ती दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्यासाठी नव्हे. बायबल मी मानते, पण ते वाचून समजून घेण्याची सद्सद्विवेकबुद्धी मला देवानेच दिली आहे. ग्रंथ देवाचा, म्हणूनच तो कोणा एका वर्गाच्या मालकीचा नाही!

आणि त्या नुसते बोलून थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनात उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणायला बसल्या. चालू भाषांतर संस्कृतप्रचुर. ते खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळत नव्हते. छापखाना मुक्तीचाच, दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या मुली तिथे खिळे जुळवीत. वर्षानुवर्षे हे काम चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा ते त्यांच्या हातून नुकतेच पुरे झाले होते. १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर आला. करार ज्याच्यासाठी केला आहे त्याला तो वाचता आला पाहिजे, हे संघटनेचे पहिले कलम. आजवर मी कितीतरी अंगठे अशा कागदांवर उठताना पाहिले आहेत की ज्यांतली एक ओळही अंगठेवाल्याला कळत नव्हती. म्हणून रमाबाईंच्या त्या भाषांतरापुढे माझी मान लवते.

असो. मग विश्वासाचा आधार कोणता? मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ पासून जुनी हस्तलिखिते सापडली. त्यांतली यशयाची गुंडाळी तोपर्यंत हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षे जुनी. पाठभेद आहेत, पण ग्रंथ ओळखीचाच निघाला. यावरून नक्कल प्रामाणिक होती एवढे कळते. मजकूर देवाचा की नाही, हे कोणत्याही गुहेतून निघणार नाही. ख्रिस्ती श्रद्धावंताचे उत्तर शेवटी असे असते: या ग्रंथाच्या पाठीशी असलेला येशू मला विश्वासार्ह वाटतो, त्याने स्वतः जुने शास्त्र देवाचे मानले, त्याने आपला शब्द मरणापर्यंत पाळला, आणि हा शब्द जगून पाहिला तेव्हा मला त्याचा गुण आला. पदमनजी तपासातून, टिळक खुणेतून, रमाबाई स्वतंत्र वाचनातून याच ठिकाणी येतात. त्यांचा विश्वास कागदावर नंतर बसला, करार करणाऱ्यावर आधी.

हे सिद्धता म्हणून मी मांडत नाही. मी अजून त्या ग्रंथाला देवाचा म्हणत नाही. पण अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे. सातव्या दिवशी तू विसावा घे, तुझ्या दासाला आणि दासीलाही घेऊ दे. कारण मिसर देशात तूही दासच होतास, असा तिचा आशय. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. लोखंडे सत्यशोधक, त्यांनी खंडोबाच्या वाराचा दाखला दिला, मोशेचा नव्हे. तरी दासाच्या विसाव्याचा विचार तीन हजार वर्षांच्या वाटेने आलेल्या कागदावर मी वाचला, तेव्हा हे कोणीतरी आमच्या बाजूने लिहून ठेवले आहे असे मला वाटले.

मामा वारले तेव्हा त्यांच्या मुलाने ते बायबल मला दाखवले. समासात पेन्सिलीने जागोजाग तारखा होत्या: संपाचा पहिला दिवस, मुलीचे लग्न, नोकरी गेली तो दिवस. कुठल्या ओळीपाशी कुठली तारीख, हे मी निरखून पाहिले. आमच्या जुन्या करारांच्या फायलीतही मी अशाच तारखा घालतो: शब्द केव्हा पाळला, केव्हा नाही. मामांनी त्यांच्या करारावर पन्नास वर्षे हिशेब ठेवला होता, आणि शेवटच्या पानापर्यंत त्यांनी तक्रार नोंदवलेली नव्हती.