आक्रमक मासे : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील प्रवेश

आधीच मासे वसलेल्या सागरी मत्स्यालयात हद्द राखणारा, चावरा किंवा शिकारी मासा सोडण्याची क्रिया आणि तिची पूर्वतयारी. प्रवाळखडकांवर हे मासे शेजारी शेजारी राहतात. टाकीत मात्र दोन दिवसांत एकाचा जीव जाऊ शकतो. खडकावर हरलेला मासा दहा हात लांब जातो आणि भांडण तिथे मिटते. टाकीत तो चार फुटांवरच्या काचेला थडकतो, जिंकणाऱ्याच्या नजरेसमोरच राहतो आणि पाठलाग चालू राहतो. दुकानदार माशांची ‘शांत’ आणि ‘भांडखोर’ अशी जी वाटणी करतात ती म्हणूनच अर्धी खरी असते. टाकीत आधी कोण आला, कोण कोणासारखा दिसतो आणि लपायला जागा किती, या तीन गोष्टींवर उरलेले अर्धे ठरते.

दुसरबीड (ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा) यासारख्या पठारी गावात या विषयाला आणखी एक बाजू आहे. इथून समुद्रकिनारा सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांहून लांब. समुद्राचे पाणी आणून टाकी भरण्याचा मार्ग बंद, त्यामुळे सागरी मिठाचे तयार मिश्रण आरओच्या पाण्यात विरघळवूनच समुद्र बनवावा लागतो. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार धरले, तर ४०० लिटरच्या टाकीला पहिल्याच वेळी १४ किलोंच्या पुढे मीठ लागते. बोअरचे जड पाणी या कामाला चालत नाही. जिल्ह्यातच असलेले लोणारचे सरोवर खारे असल्याने ते पाणी का चालू नये, असा प्रश्न इथे हमखास निघतो. लोणारचा खारटपणा मुख्यतः सोडियमच्या कार्बोनेटांचा आणि मिठाचा असून त्याचा सामू १० च्या आसपास आहे, समुद्राचा ८.१ च्या जवळ असतो. लोणारच्या पाण्यात सूक्ष्मजीव सुखाने वाढतात, पण प्रवाळखडकावरचा एकही मासा त्यात जगणार नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याच्या विहिरींचे पाणीही या कामाला चालत नाही.

हद्दीचे शास्त्र. माशांच्या भांडणावरचे सर्वांत गाजलेले निरीक्षण काही अंशी मत्स्यालयातच झाले. ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ (नोबेल पारितोषिक, १९७३) यांनी आक्रमकतेवरील १९६३ च्या पुस्तकाची सुरुवातच प्रवाळखडकांवरच्या माशांनी केली. भडक रंगांचे मासे परक्या जातीच्या शेजाऱ्याकडे फारसे लक्ष देत नाहीत आणि स्वजातीच्या माशावर मात्र तुटून पडतात, हे त्यांनी फ्लोरिडाच्या समुद्रात आणि आपल्या टाक्यांत पाहिले. भडक रंग म्हणजे ‘ही जागा भरली आहे’ अशी पाटी, असे त्यांचे म्हणणे होते. ते पुढे सर्वत्र टिकले नाही. डॅमसेल कुळातले काही मासे खडकाच्या तुकड्यावर शेवाळ राखतात आणि शेवाळ खाणाऱ्या कोणत्याही जातीच्या माशाला तिथून हाकलतात. पाहुण्याचा रंग कोणताही असो. दोन्ही निरीक्षणे एकत्र ठेवली की टाकीसाठी उपयोगाचा नियम मिळतो : आपल्यासारखा दिसणारा आणि आपल्यासारखे खाणारा, असा पाहुणा सर्वांत धोक्यात असतो. एक निळा सर्जनफिश दुसऱ्या निळ्या सर्जनफिशला सोसत नाही, पण तळाशी वाळू चाळणाऱ्या गोबीकडे ढुंकूनही पाहत नाही.

दुसरी उपयोगी कल्पना पक्षिनिरीक्षणातून आली. हद्द राखणारा प्राणी ओळखीच्या शेजाऱ्याशी अनोळखी पाहुण्यापेक्षा सौम्यपणे वागतो, असे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जेम्स फिशर यांनी १९५४ मध्ये मांडले. नवा मासा काही दिवस पारदर्शक पेटीत ठेवून दाखवण्याची जी पद्धत मत्स्यपालक वापरतात, तिच्यामागे हेच तत्त्व आहे.

कोणते मासे. डॅमसेल स्वस्त, टणक आणि सुंदर असतात, म्हणून नवखे लोक टाकी त्यांच्यापासूनच सुरू करतात. पुढची सगळी भांडणे याच निवडीतून उगवतात, कारण बोटाएवढा निळा डॅमसेल वर्षभराने संपूर्ण टाकीचा मालक होऊन बसतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्याशी जसे भांडता येत नाही, तसेच त्याच्याशी. क्लाउनफिश याच कुळातला. एका गाजलेल्या चित्रपटामुळे तो गोजिरवाणा वाटतो, पण मरून क्लाउनची मादी (लांबी सुमारे १७ सेंटिमीटर) पाण्यात घातलेल्या हातालाही चावते. क्लाउनफिशांत सर्व मासे नर म्हणून वाढतात. गटातला सर्वांत मोठा मादी होतो, त्याच्या खालचा प्रजननक्षम नर. ही रचना फ्रिके या संशोधक जोडप्याने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा व्यवहारातला अर्थ असा, की एक मोठा आणि एक लहान क्लाउन घेतले तर जोडी सहसा जमते. सारख्या आकाराचे दोन मोठे घेतले तर दोघेही मादी होऊ पाहतात. आणि जमलेल्या जोडीत तिसरा सोडला तर तो बहुधा मरतो.

ट्रिगरफिशचे दात कवच फोडण्यासाठी घडलेले असतात. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला क्लाउन ट्रिगर लहानपणी बाजारात आकर्षक दिसतो, पण अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो आणि मोठेपणी टाकीत बहुधा एकटाच उरतो. त्याच कुळातला नायगर ट्रिगर मात्र बराच मवाळ स्वभावाचा; भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलच्या जाळ्यांत तो मोठ्या संख्येने येतो. सर्जनफिशच्या शेपटीपाशी दोन्ही बाजूंना धारदार काटे असतात. लाल समुद्रातला सोहल हा त्यांतला सर्वांत तापट. पावडर ब्लू हा हिंदी महासागरातला; टाकीत त्यालाही स्वतःच्या कुळातला दुसरा मासा खपत नाही.

सिंहमासा, हेकरू आणि वाम यांची गोष्ट वेगळी. ते भांडत नाहीत, गिळतात. त्यांच्या बाबतीत हद्दीचे शास्त्र निरुपयोगी असून तोंडाचे माप तेवढे महत्त्वाचे : जे तोंडात मावते ते रात्री नाहीसे होते. सिंहमाशाच्या पाठीवरचे काटे विषारी असल्याने जाळी वापरताना काळजी घ्यावी लागते. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, मात्र डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

सोडण्याचा क्रम. भित्रा मासा आधी, दांडगा शेवटी. एवढे पाळले तरी निम्मे प्रश्न उद्भवत नाहीत. दुकानात एकाच दिवशी आवडलेले सगळे मासे घेणाऱ्याला हे जड जाते, आणि ज्याला मुंबईच्या एका फेरीतच खरेदी उरकायची आहे त्याला तर फारच जड. अशा वेळी दांडगा मासा वेगळ्या टाकीत थांबवून ठेवणे हाच उपाय. विलगीकरणाची ही टाकी चार ते सहा आठवडे लागतेच, कारण सागरी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग (क्रिप्टोकॅरिऑन) एकदा मुख्य टाकीत शिरला की काढणे कठीण असते. मारामारीत मासा चाव्यांनी मरतो त्यापेक्षा अधिक वेळा भुकेने आणि ताणामुळे बळावलेल्या रोगाने मरतो.

लांबच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्याची परीक्षा असते. माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू उतरतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून रात्रभरच्या प्रवासानंतर तासन्‌तास थेंब थेंब पाणी मिसळत बसणे हिताचे नाही. दुकानदाराकडून त्याच्या टाकीची क्षारता आधी विचारून घ्यावी, विलगीकरणाच्या टाकीत तेवढीच ठेवावी, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगवून तापमान जुळवावे आणि मासा उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. क्षारता समुद्राइतकी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५, पुढच्या काही दिवसांत हळूहळू करता येते.

मुख्य टाकीत नवा मासा थेट न सोडता भोके पाडलेल्या पारदर्शक पेटीत ठेवतात. पाणी तेच, खाणे तिथेच, पण दात पोहोचत नाहीत. जुना मासा पहिले एक-दोन दिवस काचेवर धडका देतो. धडका थांबल्या आणि नवा समोरच खाऊ लागला की पेटी उघडावी. धडका आठवडाभर थांबल्याच नाहीत तर त्या दोघांचे जमणार नाही, आणि पेटीचा हाच खरा उपयोग : निकाल कोणाचाही जीव न जाता कळतो. उघडण्यापूर्वी खडकांची रचना बदलली तर जुन्याची हद्दच मोडते आणि दोघेही नव्याने जागा शोधू लागतात. जुन्या माशांना आधी पोटभर खाऊ घालावे, दिवे मालवावेत. टाकीबाहेर लावलेला आरसा काही तास जुन्याचा राग स्वतःच्या प्रतिबिंबावर खर्च करतो. तात्पुरती सोय म्हणून ठीक. त्रास देणारा एकच असेल तर नव्याला कोंडण्याऐवजी त्यालाच काही दिवस पेटीत ठेवणे अधिक परिणामकारक ठरते, कारण परत आल्यावर पाहुणा तो असतो.

फाटलेले पर, पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात लटकून राहणे, कल्ल्यांची भराभर हालचाल, फिका पडलेला रंग आणि खाण्याच्या वेळी बाहेर न येणे, यांतली दोन लक्षणे एकत्र दिसली की वाट न पाहता त्या माशाला वेगळे करावे. पहिल्या दिवसात एखाद-दुसरा पाठलाग होणारच. त्याने घाबरून मासे सारखे काढत-घालत बसणारे लोक भांडणापेक्षा जास्त नुकसान करतात.

तापमान. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो आणि सागरी टाकीला २५ ते २७ अंश सेल्सियस हवे असते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. उष्णतेचा संबंध भांडणाशीही आहे. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लहान डॅमसेलांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन अंशांहूनही कमी तापमानवाढीने काही मासे कित्येक पटींनी चपळ, धीट आणि आक्रमक झाले. काहींवर जवळजवळ परिणाम झाला नाही. चिलर नसलेल्या टाकीत एप्रिल-मेमध्ये नवा दांडगा मासा आणणे म्हणूनच दुहेरी जोखमीचे. श्रावणानंतरचा काळ बरा. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप वर्षभर हवाच.

महाराष्ट्रातील संदर्भ. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडले. वऱ्हाडातल्या कित्येकांनी समुद्री मासा जिवंत पाहिला तो तिथल्या शालेय सहलीत. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात पाणबुड्याच्या पोशाखात उतरले, तर हीच कुळे मोकळ्या जागेत कशी वागतात ते दिसते. तिथला प्रवाळ टाकीसाठी उचलणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. खडकाळ प्रवाळ आणि घोडामासा दोन्ही संरक्षित आहेत. क्लाउनफिशची कृत्रिम पैदास तमिळनाडूतल्या मंडपम येथील केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या केंद्राने साधली. टाकीत वाढलेला मासा तयार खाद्य लवकर घेतो आणि पेटीतला काळ सुखाने काढतो, म्हणून मिळेल तेव्हा तोच घ्यावा.

काढून टाकणे. टाकीवर सत्ता गाजवणारा मासा जाळीने पकडणे खडक उपसल्याशिवाय सहसा जमत नाही. प्लास्टिकच्या बाटलीचे तोंड कापून उलटे बसवले आणि आत खाद्य ठेवले की सर्वांत हावरा तोच आधी शिरतो. पकडलेला मासा खडकपूर्णा नदीत सोडणे म्हणजे त्याला मारणे. गोड्या पाण्यात सागरी माशाच्या शरीरात पाणी शिरत राहते आणि क्षार बाहेर जातात. समुद्रात सोडणेही योग्य नव्हे. हिंदी व प्रशांत महासागरांतला सिंहमासा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये प्रथम आढळला, बहुधा कुणीतरी टाकीतून सोडलेला. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरून तिथले लहान मासे फस्त करतो. मुंबईच्या कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून मासा घेताना, न जमल्यास परत घ्याल का आणि किती दिवसांत, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. काही विक्रेते निम्म्या किमतीत घेतात, काही नाही म्हणतात. नाही म्हणणाऱ्याकडून क्लाउन ट्रिगर घेऊ नये.