परक्याचे गणगोत

परदेशी पाहुणा आपल्याकडच्या लग्नाला आला, की आपण त्याला फेटा बांधतो, पंगतीत बसवून जिलबीचा आग्रह करतो आणि मग विचारतो, "कसं वाटलं आमचं लग्न?" तो बिचारा "फार छान" म्हणतो. त्याला खरोखर काय दिसले, हे आपल्याला क्वचितच कळते. पण जवळजवळ सातशे वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका लग्नात वावरलेल्या परदेशी पाहुण्याने आपण काय पाहिले, ते सविस्तर सांगून ठेवले आहे. त्याचे नाव इब्न बतूता.

इब्न बतूता मूळचा मोरोक्कोतल्या टँजिअर गावचा. जन्म १३०४चा. हज यात्रेसाठी १३२५ साली घराबाहेर पडला आणि फिरत फिरत १३३३ साली सिंधू नदीपाशी पोहोचला. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा मुहम्मद तुघलक होता. आपण ज्याच्या नावाने 'तुघलकी कारभार' म्हणतो, तोच हा सुलतान. त्याला परदेशी माणसांचे मोठे वेड होते. परक्यांना 'अजीज' म्हणावे, असा त्याचा हुकूमच होता. अजीज म्हणजे प्रिय, आदरणीय. इब्न बतूतालाही त्याने दिल्लीचा काजी नेमले आणि वर्षाला १२,००० दिनार तनखा लावून दिला.

याच दरबारात सैफुद्दीन नावाचा एक अरब अमीर आला होता. सीरियाच्या वाळवंटातल्या टोळीप्रमुखांच्या घराण्यातला. सुलतानाने त्याला आपली बहीण फिरोज खुंदा देऊ केली. म्हणजे या लग्नात पाहुणा तर परदेशी होताच, पण खुद्द नवरदेवही परदेशी होता! मग सुलतानाने इब्न बतूताला नवरदेवाच्या दिमतीला दिले. आपल्याकडे नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तसा हा नवरदेवाचा पाठराखा.

लालमहालात मोठमोठे मांडव पडले, गालिचे अंथरले गेले. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचे ताफे आले. आचारी, भटारी, हलवाई, विडे देणारे कामाला लागले. पंधरा दिवस लोक जेवत होते. हा थाट कोणत्याही शाही लग्नात दिसेल. मला थांबावेसे वाटते ते पुढच्या एका तपशिलापाशी.

नवरदेवाचे इथे कोणी नव्हते. आई नाही, बहीण नाही, आत्या-मावशी नाही. मग हातापायाला मेंदी लावायची कोणी? सुलतानाने आपल्या सावत्र आईला सांगितले, तुम्ही या मुलाची आई व्हा. राजघराण्यातली एक स्त्री त्याची बहीण झाली, एक आत्या, एक मावशी. या सगळ्याजणी रात्री आल्या, त्याला आसनावर बसवून त्यांनी मेंदी लावली आणि भोवती गाणी म्हटली. लग्न दोन माणसांचे नसते, दोन गोतांचे असते, हे या देशाला किती पक्के ठाऊक! गोत नसेल तर नेमून द्यावे, पण माणसाला एकटे बोहल्यावर पाठवू नये.

लग्नाच्या संध्याकाळी मात्र गाडे अडले. नवरदेवासाठी जाईसारख्या सुवासिक फुलांचे शिरोभूषण आले. त्याच्या माळा चेहऱ्यावरून छातीपर्यंत लोंबत होत्या. आपण सेहरा म्हणतो, तोच हा प्रकार. मुंडावळ्यांचा जवळचा नातेवाईक. वाळवंटातला हा गडी म्हणाला, मी असले काही घालणार नाही. तेव्हा इब्न बतूताने त्याची मनधरणी केली, शपथा घातल्या आणि अखेर ती फुले त्याच्या डोक्यावर चढवली.

मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान माणूस. "तुमच्या लग्नात हळद, मेंदी, सेहरा कसा काय?" असे मला दोन्ही बाजूंनी विचारले जाते. एकाला ती आमची उसनवारी वाटते, दुसऱ्याला ती आमच्या धर्मातली भेसळ वाटते. अशा वेळी मला हा मोरोक्कोचा काजी आठवतो. धर्मशास्त्र शिकलेला, न्यायनिवाडा करणारा माणूस एका अरबाची समजूत घालतो आहे, की बाबा रे, इथली रीत आहे, फुले बांधून घे. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. ज्या घरी लग्न, त्या घरची फुले.

पुढची रीतही आपल्या ओळखीची आहे. नवरीच्या दाराशी तिच्या बाजूचे लोक वाट अडवून उभे राहत. त्यांना हटवून आत जायचे, नाहीतर हजारो दिनार मोजायचे. आपल्याकडे आजही बहीण दार अडवते आणि भावाला खिसा रिकामा करावा लागतो. पण आमच्या नवरदेवाला हा खेळ कोण समजावणार? तो आपल्या माणसांसह खऱ्या लढाईसारखा तुटून पडला आणि समोरच्यांना आडवे करून आत शिरला. सुलतानाला हे कळले तेव्हा तो खूश झाला.

आत उंच आसनावर नवरी उभी होती. हा पायऱ्या चढून गेला, तिने आपल्या हाताने त्याला विडा दिला. सोन्याची नाणी उधळली गेली. नंतर पालखीतून वरात निघाली. माळवा आणि गुजरातचा मुलूख जावयाच्या नावे झाला.

गोष्ट इथे संपली असती, तर ती नुसती थाटामाटाची झाली असती. पण इब्न बतूता पुढेही सांगतो. लग्नाला वीस दिवस होतात न होतात तोच हा जावई राजवाड्याच्या दाराशी आला. तिथल्या अधिकाऱ्याने अडवले, झटापट झाली, याने काठी मारली आणि रक्त निघाले. लग्नातले दार फोडले तेव्हा शाबासकी मिळाली होती. या दारापाशी तुरुंग मिळाला. पहिले दार खेळातले होते, दुसरे सत्तेचे होते. दोन्हींतला फरक परक्या माणसाला कोणी सांगितला नव्हता.

आता त्या नेमलेल्या गोताचे काय झाले? बायकोने तुरुंगात साधे अंथरूणही पाठवले नाही, विचारपूसही केली नाही. सुलतानाची भीती! मित्रांनी आपापली चीजवस्तू लपवली. फिरोज खुंदाला मी दोष देत नाही. भावाच्या हुकमाने लग्न झाले आणि भावाच्याच धाकाने तोंड बंद झाले. तिचे नाव इतिहासाला ठाऊक आहे, तिचा शब्द एकही ठाऊक नाही. पुढे सुलतानाने स्वतःच्या हाताने हद्दपारीचा हुकूम लिहिला. त्यात या अरबाला त्याने 'उंदीर खाणारा' म्हटले. कालचा अजीज आज एवढ्यावर आला.

तेव्हा त्याच्यासाठी उठला तो पाठराखाच. इब्न बतूता राजवाड्यात जाऊन रात्रभर बसून राहिला. त्याला परत बोलावल्याशिवाय मी हलणार नाही, असे त्याने सांगितले. अखेर सुलतानाने हुकूम फिरवला. जावयाला चार वर्षे एका सरदाराच्या हाताखाली रीतभात शिकायला ठेवले आणि मग त्याचा मान व मुलूख परत दिला.

इब्न बतूताने हे सारे १३५५च्या सुमारास, मायदेशी परतल्यावर, आठवणीतून एका लेखकाला सांगितले. तोपर्यंत तो आपल्या महाराष्ट्रातूनही जाऊन आला होता. दौलताबाद आणि नंदुरबार त्याने पाहिले. मराठे लोक सात पिढ्यांचे अंतर असल्याशिवाय नात्यात लग्न करत नाहीत, अशी नोंदही त्याने केली. सोयरिकीकडे त्याचे बारीक लक्ष होते.

लग्नातला परका पाहुणा खाणेपिणे, दागदागिने, नाचगाणे पाहतो आणि तेच सांगतो. हा पाहुणा मात्र लग्न उरकल्यावरही थांबला. हुकमाने नेमलेली आई, बहीण, आत्या, मावशी मेंदी सुकेपर्यंतच टिकली. नवरदेवासारखाच परका असलेला एक माणूस मात्र रात्रभर राजवाड्यात बसून राहिला. नाते नेमून देता येते, पण ते निभावायचे ज्याचे त्याने.