थंडीचा सौदा

इतिहासाच्या ग्रंथांत अवर्षणाला स्थान असते, महापुराला असते, वादळालाही असते. परंतु थंडीची दखल सहसा कोणी घेत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात तिचे नाव ठळकपणे येते ते एकदाच, आणि तेही महाराष्ट्राबाहेर. १७६०-६१ च्या हिवाळ्यात पानिपतावर कोंडलेल्या मराठी फौजेच्या अन्नटंचाईला उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीची जोड मिळाली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले ते सर्वश्रुतच आहे. त्या थंडीवर कोणी विनोद केल्याचे ऐकिवात नाही. पोटात अन्न आणि अंगावर पांघरूण असल्यावाचून थंडीची थट्टा करता येत नाही, हे या विषयातले पहिले सूत्र होय.

घरच्या थंडीशी मात्र आपले नाते निराळे आहे. ते जाणून घेण्यास आपली भाषाच पुरेशी आहे. मराठी माणसाला भूक लागते, तहान लागते, ऊनही लागते. थंडी मात्र त्याला ‘वाजते’! दातांचा चौघडा ज्याने ऐकला असेल, त्याला या क्रियापदाचे मर्म सांगावयास नको. पुढे पौष आला की हीच थंडी ‘मी’ म्हणू लागते. रणरणत्या उन्हाला आणि मुसळधार पावसालाही हा अहंकार आपण बहाल करतो. पण थंडीला तो विशेष शोभतो. कारण दोन-अडीच महिन्यांची ही पाहुणी आहे, आणि पाहुण्याचा तोरा आपण हसून सोसतो.

ही पाहुणी जेथे खरोखर अगत्याने वागविली जाते, अशा एका भागाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, अग्रणी नदीच्या काठी कवठे महांकाळचा मुलूख पसरला आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले, आणि १९६५ साली कवठे महांकाळ हा स्वतंत्र तालुका बनला. कागदोपत्री नावे अशी बदलत गेली; पण पावसाचा कंजूषपणा काही बदलला नाही. पश्चिमेकडून येणारे ढग आपली शिदोरी घाटमाथ्यावरच संपवून येतात आणि येथवर पोचतात ते बहुधा रिकाम्या हातांनी.

परंतु ज्या कोरडेपणाने हा मुलूख गांजला, त्याच कोरडेपणाने त्याला थंडी दिली. हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाही. त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली सारी ऊब आकाशाच्या हवाली करते. दुपारी ज्याने घामेजून सदरा काढून ठेवावा, त्यानेच पहाटे घोंगडीची दशी शोधीत चाचपडावे, असा हा प्रकार आहे. आणि या थंडीवर शाळू पोसतो. भाद्रपद-आश्विनात पेरलेली ही रब्बीची ज्वारी काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. गारठ्यामुळे ती ओल लवकर उडून जात नाही, आणि पहाटेचे दव पानांवर उतरते. पावसाने जे देण्याचे नाकारले, ते थंडी थेंबाथेंबाने देते. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ येथील संशोधन केंद्राने निवडलेले ‘मालदांडी’ वाण दख्खनच्या पठारावर सर्वमान्य झाले, ते याच हिशेबावर. म्हणून येथला जुना शेतकरी कुडकुडत असतानाही थंडीला शिव्या देत नसे. अंग म्हणे, पुरे. कणीस म्हणे, आणखी थोडी येऊ द्या! मग तिची वसुली तो आगटीभोवती बसून हुरड्याने करी, आणि भोगीच्या दिवशी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीने व्याजही घेई.

हा सौदा आजकालचा नव्हे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि तिची परंपरा सुमारे दोन हजार वर्षांची मानली जाते. तिच्या एका गाथेत एक खेडूत ऐन माघात अंगावरचे पांघरूण विकतो आणि त्याच्या बदल्यात बैल घेतो. घरात पत्नीच्या सहवासाची ऊब असताना कांबळ्यावाचून आपले काय अडले, असा त्याचा हिशेब. कवीने हे हसत हसत सांगितले आहे. पण त्या हसण्याखाली एक कठोर सत्य दडले आहे. आधी बैल, मग आपले अंग. हा क्रम त्या खेडुताच्या मनात पक्का होता. या भागात तो पुढेही टिकला. शेजारच्या आटपाडी तालुक्यातील खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा पौषात भरते, तेथे खिल्लार जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. थंडी ‘मी’ म्हणत असता बैलाची पारख करीत फिरणारा शेतकरी पाहिला, म्हणजे तो गाथेतला खेडूत अजून घरी परतला नसावा असेच वाटते.

त्याने जे पांघरूण विकले, त्याचे या मुलखातले रूप म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढ्यांची लोकर, तिचे हाताने काढलेले सूत, खड्ड्याच्या मागावरचे विणकाम आणि चिंचोक्याची खळ, एवढ्या सामग्रीवर सनगरांनी हे वस्त्र सिद्ध केले. धनगराच्या खांद्यावर ती पावसात छत्री असते, वाटेत गाठोडे असते, रात्री अंथरूणही असते आणि पांघरूणही. नवी घोंगडी मात्र टोचते. ती आपले थंडीपासून रक्षण करते, तसेच काही दिवस झोपेपासूनही!

शहरांची गोष्ट याच्या उलट. तेथे थंडी विकत घ्यावी लागली. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजांतून मुंबईस आला तो १८३४ साली. शेठ जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या मेजवानीत ‘आइस्क्रीम’ वाढले, आणि यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाल्याचे वृत्त ‘मुंबई समाचार’ने दिले. हजारो मैलांवरून, रोख पैसे मोजून पडसे आणविण्याचा मान अशा रीतीने मुंबईकरांना मिळाला. कवठे महांकाळला ते दरवर्षी घरपोच आणि फुकट मिळत आले आहे.

पुढे मात्र या जुन्या सौद्याने एक विलक्षण वळण घेतले. विहिरी-कूपनलिका झाल्या, ठिबक सिंचन आले, म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढविले, आणि शाळूच्या शेजारी द्राक्षाचा मांडव उभा राहिला. येथल्या कोरड्या हवेत बेदाणा उत्तम वाळतो. ‘सांगली बेदाणा’ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु द्राक्ष म्हणजे शाळू नव्हे. पारा दहा अंशांखाली गेला की मण्यांची वाढ मंदावते; पाणी उतरू लागलेल्या घडांत मण्यांना तडे जातात, आणि काही वेळा हिरवा मणी गुलाबी पडून त्याचा भाव उतरतो. ज्या पाहुणीची वाट पाहिली जाई, तिच्याच पावलांच्या चाहुलीने आता झोप उडते. वर्षभराची मेहनत आणि डोक्यावरचे कर्ज एका पहाटेच्या हाती असते. मग मध्यरात्रीनंतर बांधावर पालापाचोळा पेटतो, धुराचे पांघरूण बागेवर पसरते, आणि विहिरीचे उबदार पाणी वेलींच्या मुळांशी सोडले जाते.

दोन हजार वर्षांपूर्वी खेडुताने आपले कांबळे देऊन बैल घेतला. आज त्याचा वंशज आपली शेकोटी द्राक्षांना देऊन स्वतः बांधावर कुडकुडत उभा आहे. तरीही त्या बांधावर थट्टा चालते. ती निश्चिंत माणसाची नव्हे. जे आपल्या हाती नाही, त्याच्याशी सलोख्याने वागण्याची ती एक रीत आहे. निसर्गाला दटावता येत नाही आणि त्याच्यापुढे रडून उपयोग नसतो. तेव्हा त्याची थोडी फिरकी घ्यावी व कामाला लागावे, हे शहाणपण या मुलखाने फार पूर्वी कमाविले आहे.

श्रोतेहो, येत्या हिवाळ्यात आपल्यापुढे हुरड्याची मूठ येईल, पायसात बेदाणा येईल. थंडी त्या दोहोंतही आहे, एकात तिचे देणे म्हणून आणि दुसऱ्यात तिच्या तावडीतून सोडविलेला ऐवज म्हणून. दोन्ही आपण उबेत बसून खातो. त्यांची किंमत कोणीतरी उघड्यावर, दात वाजवीत मोजलेली असते. आणि मोजताना, बहुधा, हसलेलेही असते.